दोनशे आठ नंबरचा मरून

१२ ऑगस्ट १९९६, सोमवार

ही डायरी अवधूतला त्याच्या कंपनीने जानेवारीत दिली. ऑगस्ट आला तरी पठ्ठ्याने पहिल्या पानावर नावसुद्धा घातलं नाही, म्हणून मी ढापली. आईला पत्रात सगळं छान छानच लिहावं लागतं. इथे ती सक्ती नाही. नवऱ्याने चुकून उघडली तरी माझं अक्षर त्याला लागायचं नाही.

तर, नोकरीला आज दोन महिने झाले. लग्न करून पुण्याहून बंगळूरला आले आणि अकरा महिने जयनगरच्या घरात भिंतींशी गप्पा मारल्या. भाजीवाली कन्नड बोलायची, मी मान हलवायचे आणि नको असलेली केळफुलं घरी यायची. शेवटी चामराजपेटेत हंबीररावांच्या छापखान्यात जागा मिळाली. हंबीरराव इथले जुने मराठे, चार पिढ्यांचे, मराठीत निम्मं कन्नड घालून बोलतात. त्यांनी नुकताच कॉम्प्युटर घेतलाय आणि तो चालवायला मी. खोक्यांची, लेबलांची पानं मी पेजमेकरमध्ये लावायची. एकेका रंगाची एकेक फिल्म बाहेरच्या स्टुडिओतून काढून आणायची. त्या फिल्मवरून प्लेटा आणि प्लेटांवरून छपाई.

मशीनवर देवाप्पा. निपाणीकडचे, छप्पन्न वर्षांचे, तीस वर्षं इथेच. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. ते माझ्याशी मराठी बोलतात ते ऐकूनच मी पहिल्या दिवशी रडायच्या बेतात आले होते. मला ‘अक्का’ म्हणतात. त्यांचं खरं काम म्हणजे खास रंग मिसळणं. कुणाला नेमका एकच मरून हवा असतो, तो चार साध्या रंगांच्या ठिपक्यांनी जमत नाही. मग देवाप्पा काचेवर शाया घेतात, पत्र्याच्या पट्टीने घोटतात, बोटाने कागदावर ओढून बघतात. वजनकाटा नाही काही नाही. पूर्वी गिऱ्हाईकाचं जुनं खोकं समोर ठेवून रंग जुळवायचे. आता मी शेडबुक आणायला लावलंय. प्रत्येक रंगाला नंबर, पानावर त्या रंगाचे फाडून घ्यायचे तुकडे. मी तुकडा कामाच्या पाकिटावर चिकटवते, पाकीट मशीनपाशी खिळ्याला. देवाप्पांनी तुकड्याबरहुकूम रंग करायचा. जुन्या खोक्यांचा पसारा बंद. हंबीरराव खूश आहेत.

१९ ऑगस्ट, सोमवार

आज मी शहाणी ठरले. योगीराज उदबत्तीवाल्यांचं दसऱ्याचं खोकं, तीस हजार नग. गुलाबाचा फोटो म्हणून नेहमीचे चार रंग आणि पाचवा त्यांचा खास मरून. सकाळी स्टुडिओतून फोन. “मॅडम, फाइव्ह कलर का जॉब बोला था, सिक्स फिल्म आया.”

फाइल उघडली आणि लगेच सापडलं. रंगांच्या यादीत मरून दोनदा. एक मी घातलेला, दुसरा योगीराजांनी फ्लॉपीवर दिलेल्या मोराच्या चित्रातून चोरपावलांनी आलेला. एक दोनशे दोन नंबरचा, एक दोनशे आठचा. नावं दोन म्हणून कॉम्प्युटरला रंग दोन. पडद्यावर बघावं तर दोघं जुळे भाऊ. एक काढून टाकला. पेजमेकरने विचारलं, याच्या जागी कोणता वापरू? सांगितलं, दुसरा. झाले पाच. दीड मिनिटाचं काम. हंबीरराव मागे उभे होते, म्हणाले, “कस्तुरीबाई, तुमी नसता तर आज कंबख्तीच होती बघा.” संध्याकाळी अवधूतला सांगितलं. तो म्हणाला, डुप्लिकेट एन्ट्री, क्लासिक. मला तो शब्द फार आवडला.

यादीत उरलेल्या नंबराचा तुकडा फाडून पाकिटावर लावला.

२२ ऑगस्ट, गुरुवार

मरूनची छपाई सुरू व्हायच्या आधी देवाप्पांनी मला बोलावलं. रंग तयार होता. तुकडा आणि ओला कागद शेजारी ठेवून दारातल्या उजेडात दाखवला. खरंच सांगते, कुठे तुकडा संपतो आणि कुठे छपाई सुरू होते कळत नव्हतं. माणूस कलाकार आहे.

पण म्हणाले, “अक्का, ह्योच हाय न्हवं? मागल्या साली जरा तांबडा हुता वाटतंय. ह्यात वांग्याची झाक हाय.”

मी म्हटलं, “अण्णा, शेडबुकातला तुकडा आहे. आता आठवणीवर नाही जायचं.”

“डोळ्याला वाटलं म्हणून म्हनलं.”

“डोळे फसवतात. नंबर फसवत नाही.”

ते हसले आणि मशीन चालू केलं. जरा जास्तच शिष्टपणे बोलले मी, पण एकदा शिस्त लावायची तर लावायची.

२९ ऑगस्ट, गुरुवार

फार वाईट दिवस. योगीराज स्वतः आले, हातात आपलं मागच्या वर्षीचं खोकं आणि यंदाचं खोकं. टेबलावर दोन्ही आपटली. “हा आमचा मरून? ही वांगी आहेत वांगी. दुकानदार म्हणेल डुप्लिकेट माल आहे.” तीसच्या तीस हजार नाकारली.

हंबीररावांनी योगीराजांचं ऑर्डरचं पत्र काढलं. पत्रात नंबर लिहिलेला होता, दोनशे दोन. मग म्हणाले पाकीट आणा. देवाप्पा मोरीवर हात धूत होते, म्हणून पाकीट मी आणलं. पाकिटावर तुकडा दोनशे दोनचाच होता. पत्र बरोबर, तुकडा बरोबर, छपाई चूक. सगळे देवाप्पांकडे बघायला लागले.

देवाप्पांनी तुकडा खोक्यावर ठेवला. उचलला. परत ठेवला. दारात गेले, उजेडात धरला. “जुळत न्हाई,” एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळाने, “त्या दिवशी जुळत हुता.”

हंबीरराव ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “अण्णा, वय झालं, डोळ्याचं काय सांगता येतं?”

डोकं दुखतंय. इतकंच लिहिते.

३० ऑगस्ट, शुक्रवार

काल लिहिलं ते पूर्ण नाही. स्वतःच्या डायरीत चोरी म्हणजे कहर झाला.

पाकिटावर दोनशे आठचा तुकडा होता. मीच लावलेला. त्या दिवशी यादीतून काढून टाकला तो दोनशे दोन होता, म्हणजे खरा, आणि ठेवला तो मोरासोबत आलेला. पत्र उघडून बघायचं होतं, बघितलं नाही. पडद्यावर दोन्ही सारखे दिसत होते ना. काल हंबीररावांनी पत्रातला नंबर मोठ्याने वाचला आणि मला तिथल्या तिथे कळलं. ‘पाकीट आणते’ म्हणून मी उठले ते आधी माझ्या टेबलाशी गेले. खण उघडला, दोनशे दोनचा तुकडा फाडला, जुना नखाने काढला, डिंकाचं बोट लावून नवा चिकटवला. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. त्या क्षणी मनात असं होतं की मी चूक दुरुस्त करतेय.

आज जेवणाच्या सुट्टीत उरलेलंही केलं. फिल्मच्या कडेला रंगाचं नाव छापून येतं, ती कड कापून टाकली. फाइलमध्ये नाव बदलून त्याच नावाने सेव्ह केली. काढलेला तुकडा बसमधून उतरताना गटारात टाकला.

सांगणार आहे. खोकी परत छापून, माल गेला, सगळं थंड झालं की सांगणार. आत्ता सांगितलं तर हंबीरराव मला काढतील आणि मी परत त्या भिंतींशी बोलत बसेन. दुसरं काही नाही, फक्त मला ते नको आहे.

४ सप्टेंबर, बुधवार

खोकी नव्याने छापून झाली. प्लेटा त्याच, शाई तेवढी बदलायची होती. या वेळी मशीनवर यल्लाप्पा, लहान मशीन चालवणारा, चाळिशीचा, कामाला बरा. मरून त्याने हंबीररावांना शेजारी उभं करून मिसळला. योगीराजांनी माल घेतला. कुणाचंही नुकसान झालं नाही असं म्हणता येईल. हंबीररावांचं झालं, पण ते म्हणाले धंद्यात असं चालायचंच.

देवाप्पांना कटिंगच्या टेबलावर बसवलंय. नाकारलेली खोकी कापून दुसऱ्या खोक्यांच्या आत घालायचे पुठ्ठे करायचं काम. म्हणजे तीस हजार वेळा तोच मरून त्यांच्या डोळ्यांसमोर. चहाच्या वेळी गप्पा मारायला आले, बरं वाटलं. विचारत होते, “अक्का, ही साडी डाळिंबी म्हणायची का राणी?” मी म्हटलं डाळिंबी. मग पिशवीचा रंग विचारला, मग समोरच्या दुकानाच्या पाटीचा. मी म्हटलं, “अण्णा, साड्यांचं दुकान काढताय की काय?” हसले. मूड चांगला होता त्यांचा. उगाच मनाला लावून घेतेय मी.

११ सप्टेंबर, बुधवार

मूड कसला चांगला. मी ठार आंधळी आहे.

आज देवाप्पांच्या पत्नी चंद्राबाई डबा घेऊन आल्या. एरवी देवाप्पा डबा स्वतः आणतात. मी विचारलं तर बाई हळूच म्हणाल्या, “सायकल सोडलीया त्यांनी. सिग्नल तांबडा हाय का हिरवा, खात्री वाटंना म्हणत्यात.” घरात बाजारातून टोमॅटो आणले तर एकेक उचलून चंद्राबाईंना विचारतात, पिकला का. रोज गाजर किसून खातात. कुणी तरी औषधाचे थेंब सांगितले, ते दिवसातून चारदा. “डोळं तर मला चांगलंच दिसत्यात,” चंद्राबाई म्हणाल्या, “पर म्या काय डाक्टर हाय?”

तेवढ्यात ते आले, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले, मान मागे टाकली आणि चंद्राबाईंनी डोळ्यांत थेंब सोडले. माझ्या हातात चहाचा कप होता. मी चहा प्यायले. पूर्ण प्यायले.

घरी येऊन अवधूतला विचारलं, गोष्ट म्हणून. समज, एखाद्याच्या चुकीचं खापर दुसऱ्यावर फुटलं, आणि पहिल्याने पुरावाही पुसला, तर? तो म्हणाला, “कोण, तुमचा हंबीरराव का? मालक लोक असेच.” मी म्हटलं नाही, असंच. तर म्हणाला, “मग गप्प बसावं. प्रॉडक्शनमध्ये चालू झालेल्या गोष्टीला हात लावू नये.” आणि पोळी मागितली. मी वाढली.

१७ सप्टेंबर, मंगळवार

काल गणपती. शेजारच्या मराठी मंडळींकडे आरतीला गेले. सगळ्यांना वाटलं मला घरची आठवण येतेय म्हणून मी रडतेय. एक काकू पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी तो हात फिरवून घेतला.

आज ठरवून हंबीररावांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी मान वर करून “काय ओ कस्तुरीबाई?” म्हटलं आणि मी प्रिंटरची शाई संपल्याचं सांगून आले. शाई संपलेली नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

देवाप्पांना डोळ्यांच्या हॉस्पिटलात घेऊन गेले. मीच मागे लागले होते. माझा हिशोब सरळ होता, डॉक्टर सांगेल डोळे ठणठणीत, देवाप्पा मशीनवर परत, आणि मला काही न बोलता सुटता येईल. हे मी इथे लिहितेय कारण दुसरीकडे कुठे लिहिणार?

दोन तास रांगेत. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक उघडलं, रंगीत ठिपक्यांत दडलेले आकडे वाचायचे असतात. देवाप्पांनी एकही चुकवला नाही. बाई म्हणाल्या, माझ्यापेक्षा तुमचे डोळे चांगले आहेत, ते थेंब बंद करा. मी इतकी खूश झाले की बाहेर येऊन दोन कप कॉफी सांगितली.

देवाप्पांनी कॉफी घेतली नाही. कठड्यावर बसून राहिले.

मी म्हटलं, “अण्णा, आता तरी झालं ना? डोळे एकदम पास.”

“व्हय,” म्हणाले. “डोळं न्हाई तर मग डोस्कं हाय.”

मला कळलं नाही. ते शांतपणे सांगायला लागले, वडिलांचं असंच झालं होतं. आधी रंग आणि नावं चुकायला लागले. मग घर चुकायला लागले. शेवटी निपाणीच्या बाजारात लेकाला ओळखलं नाही, म्हणाले, पाव्हणं, तुमी कुणाकडलं? “त्या दिशी तुकडा जुळल्याला म्या बघितला, अक्का. माझ्या डोळ्यांनी. आन् तो जुळत न्हवता. म्हंजे जे न्हाई ते मला दिसलं. चंद्रीला सांगू नगा.”

बसमध्ये खिडकीची जागा त्यांनी मला दिली.

२१ सप्टेंबर, शनिवार

झोपले नाही, जेवले नाही, आणि याचा कुणाला काडीचा उपयोग नाही. सोमवारी सांगणार. नोकरी गेली तर गेली. भिंतींना वाईट सवय नाही, त्या माणसाला वेडा ठरवत नाहीत.

२३ सप्टेंबर, सोमवार

सांगितलं. सगळं सांगितलं, क्रमाने. यादी, दोन मरून, पाकीट, डिंक, कापलेली कड. हंबीररावांनी ऐकून घेतलं. मग चष्मा काढून हसले.

“तुमचं मन फार मऊ आहे बघा,” म्हणाले. “अण्णासाठी आपल्यावर घेताय.”

मी म्हटलं, “नाही हो. खरंच मी केलंय.”

“सरी, मग दाखवा.” पाकीट काढलं. दोनशे दोनचा तुकडा. फाइल उघडायला लावली. दोनशे दोन. फिल्मला कड नाही, पण कड तर आमच्याकडे प्लेट लावतानाही कापतात कधी कधी. मी म्हटलं, मी तेच सांगतेय ना, मी सगळं पुसलंय. ते म्हणाले, “पुसलंय ते दिसत कसं नाही?” इतकं नीटनेटकं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. “नवीन मशीन, नवीन शेडबुक, मी घेतलं ते चूक होतं का मग?” असंही म्हणाले, जरा तोडून. मग एकदम अवधूतच्या कंपनीत पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरचं काम कोण बघतं ते विचारलं. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून विषय बदलला असणार. माणूस वाईट नाही.

मग कटिंगच्या टेबलाशी गेले आणि देवाप्पांना सांगितलं. ते पुठ्ठे कापत होते. कापायचं थांबले नाहीत.

“अक्का, तुमी चांगल्या घरच्या. माझ्यापायी खोटं बोलून पाप घेऊ नगा.”

“खोटं नाही अण्णा. शपथ घेऊ का?”

“डाक्टरीणबाईबी चांगली हुती,” म्हणाले. “सगळी चांगलीच हाईत.”

महिनाभर मी खोटं जपलं तेव्हा कुणी शंका घेतली नाही. आज खरं बोलले तर माझी कीव आली लोकांना.

२४ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी नऊलाच गेले. काल दिवसभर मी पुरावा कॉम्प्युटरमध्ये शोधत होते, स्टुडिओलाही फोन करून झाला, त्यांनी महिन्याच्या फाइली पुसल्या होत्या. आणि पुरावा देवाप्पांच्या कोपराशी ढीग लावून पडला होता. वांगी रंगाची खोकी. अजून पाच-सहा हजार तरी कापायची होती.

शेडबुक घेऊन गेले. दोनशे आठचं पान उघडलं आणि खोक्यावर ठेवलं. म्हटलं, “अण्णा, माझं काही ऐकू नका. फक्त हे बघा.”

ते बघत नव्हते. मग बघितलं. पट्टी खाली ठेवली. खोकं आणि पुस्तक घेऊन दारात गेले, उजेडात. एका कोनात धरलं, दुसऱ्या कोनात धरलं. दुसरं खोकं मागवलं, तिसरं मागवलं. प्रत्येक खोक्यावर दोनशे आठ असा बसत होता की मधली रेघ दिसत नव्हती. कुणाचे डोळे गेले असते, डोकं गेलं असतं, तर रंग वाटेल तसा चुकला असता. शेडबुकातल्या दुसऱ्याच नंबरावर इतका बिनचूक जाऊन बसला नसता. हे मला त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांना माझ्या आधी कळलं.

पानावर तुकडे ओळीने असतात. दोनशे आठचा एक फाटलेला होता. त्या रिकाम्या जागेवर त्यांनी अंगठा ठेवला.

“ह्यो तुकडा पाकिटावर हुता?”

“हो.”

“काढला कुणी?”

“मी.”

“कवा?”

“तुम्ही हात धूत होता तेव्हा.”

यल्लाप्पाने मशीन बंद केलं होतं. हंबीरराव केबिनच्या दारात येऊन उभे होते. देवाप्पा त्यांच्याकडे गेले, खोकं आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि कन्नडमध्ये दोन-तीन वाक्यं बोलले. हंबीररावांनी बराच वेळ दोन्हीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही.

मग देवाप्पा माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही.

“तुमी चूक केली त्याचं काय न्हाई. चुका म्याबी केल्यात, ढिगानं. पर डोळ्यात औषध घालत हुतो तवा तुमी समोर बसून च्या पीत हुता. माझ्या बापाचं सांगितलं, ते ऐकून घेतलं. तरी तीन दिस लागलं तुमाला.”

मी म्हटलं, “माझं चुकलं.”

“व्हय,” म्हणाले आणि काचेकडे गेले. महिनाभराची वाळलेली शाई पट्टीने खरवडायला लागले.

मी तिथे उभी होते. रडले नाही. रडणं त्यांच्यासमोर फार स्वस्त झालं असतं.

२५ सप्टेंबर, बुधवार

मला वाटलं होतं आज हिशोब करून घरी पाठवतील. हंबीररावांनी बोलावलं, पाच मिनिटं खाली मान घालून कागद चाळले आणि म्हणाले, दसऱ्याची कामं अंगावर आहेत, कॉम्प्युटर दुसऱ्या कुणाला येत नाही. “झालं ते झालं, स्वल्प जपून.” बस. देवाप्पा मशीनवर, यल्लाप्पा लहान मशीनवर, मी माझ्या खुर्चीत. जणू काही झालंच नाही. मला काढायला हवं होतं. काढलं असतं तर मी घरी बसून शिक्षा भोगतेय असं समजले असते.

अवधूतलाही सांगितलं, या वेळी गोष्ट म्हणून नाही. त्याने टीव्ही बंद केला. म्हणाला, “त्या दिवशी तू स्वतःचंच विचारत होतीस?” मी हो म्हटलं. “आणि मी पोळी मागितली.” भांडी त्याने घासली.

चंद्राबाई दुपारी आल्या होत्या, सगळ्यांना पेढे दिले, मलाही. त्यांना देवाप्पांनी माझं नाव सांगितलेलं नाही. म्हणाल्या, “तुमी हास्पिटलात नेलं म्हणून कळलं बघा. लई उपकार झालं.” पेढा मी पिशवीत ठेवलाय. तो खाणं जमत नाही आणि टाकणंही जमत नाही.

३० सप्टेंबर, सोमवार

देवाप्पा सायकलवरून येतात. गाजर सोडलं.

माझ्याशी बोलतात, कामाचं सगळं बोलतात. प्लेट कधी येणार, कागद किती, कागदाचा कुठला कोपरा मशीनला लावायचा. रागावलेले दिसत नाहीत. अक्का म्हणत नाहीत, ‘मेडम’ म्हणतात, जसं स्टुडिओवाले म्हणतात तसं.

आज तेलाच्या लेबलाचं काम होतं, खास हिरवा. मी गिऱ्हाईकाचं पत्र तीनदा वाचलं, फाइलमधली यादी तपासली, हिरवा एकच आहे ना ते दोनदा पाहिलं, फिल्मची कड वाचली. तुकडा फाडला, पाकिटावर चिकटवला, शेजारी गिऱ्हाईकाचं जुनं लेबलही लावलं आणि पाकीट मशीनपाशी घेऊन गेले.

“तीनशे छप्पन्न, अण्णा,” मी म्हटलं. “पत्रात तोच आहे.”

त्यांनी पाकीट घेतलं. तुकडा बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि पाकीट यल्लाप्पाच्या हातात दिलं.

“पत्र काढ,” त्याला म्हणाले. “बघ, खरं हाय का.”

यल्लाप्पाने केबिनमधून पत्र आणलं. तो इंग्रजी सावकाश वाचतो, बोट ठेवून. मी उभी होते. देवाप्पा कापडाने पट्टी पुसत होते. नंबर सापडला तसा यल्लाप्पा म्हणाला, “बरोबर हाय.”

देवाप्पांनी मान हलवली, यल्लाप्पाकडे बघून, आणि हिरव्याचा डबा उघडला.